नकाशात नसलेलं पाणी

"मॅडम, खाली बाईमाणसाले जाता येत नाई. कायदा आहे," खाणीचे मॅनेजर देशकर म्हणाले.

आम्ही इन्क्लाइनच्या तोंडाशी उभे होतो. इन्क्लाइन म्हणजे जमिनीत तिरपा उतरत जाणारा खाणीचा रस्ता. माझ्या पायात गमबूट, डोक्यावर हेल्मेट आणि हातात रिकाम्या बाटल्यांचा लाकडी खोका. बूट आणि हेल्मेट दोन्ही त्यांच्याच स्टोअरमधून मिळालं होतं.

"मग हेल्मेट कशाला दिलं?"

"वर बी लागते. सेफ्टी."

कायदा खरा होता. त्या वेळी भूमिगत खाणीत कामासाठी बाईला उतरायला मनाई होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी चंद्रपूरच्या भूजल कार्यालयात नवीन होते. त्याआधी पाच वर्षं मी गोव्यात समुद्राच्या पोटातलं पाणी कुठून कुठे जातं याचा अभ्यास केला होता. अर्थात कॉम्प्युटरवर. चार किलोमीटर खोलवरच्या पाण्याचा ठावठिकाणा मी सांगू शकत होते. इथे दीडशे मीटर खाली काय आहे ते बघायला मला बंदी होती.

वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी समुद्र शिकायला गेली, याचं आमच्या कॉलनीत कौतुक झालं होतं. तिचा प्रोजेक्ट संपला, बाबांचं आजारपण निघालं आणि ती चंद्रपुरातच सरकारी नोकरीला लागली, तेव्हा त्याहून जास्त कौतुक झालं. आमचे वरिष्ठ आपटे साहेब पुण्याहून बदलून आले होते आणि परतीच्या बदलीची वाट बघत होते. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "खोब्रागडे, समुद्र विसरा. इथे हातपंप आहेत."

पण वर्षभरात समुद्रच कामी आला. माजरीच्या पुढे, वर्धा नदीच्या अंगाला एक भूमिगत कोळसा खाण आहे. कोणती ते सांगत नाही. शेजारच्या गावातल्या विहिरी आटल्या. गावाने कलेक्टरकडे अर्ज दिला की खाणीचे पंप आमचं पाणी ओढून राह्यले. खाणीने उत्तर दिलं, आमच्याकडे येतं ते नदीचं पाणी, गावाच्या विहिरींशी आमचा संबंध नाही. कलेक्टर ऑफिसने ते दोन्ही कागद आपट्यांकडे पाठवले. आपट्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले. "तुम्ही पाण्याची जन्मपत्रिका काढता ना? काढा."

खाणीत मात्र प्रश्न वेगळाच होता. एका भागात दोन महिन्यांपासून पाणी वाढत होतं. जिथे प्रत्यक्ष कोळसा कापतात त्या जागेला फेस म्हणतात. त्या फेसच्या भिंतीतून आधी थेंब, मग धार येत होती. पंप तिन्ही शिफ्टला चालू होते. एका शिफ्टला तिथे चौदा माणसं असत.

हे पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकत होतं. एक, नदी. दोन, कोळशाच्या वर असलेला वाळूचा खडक, ज्याच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं पाणी मुरलेलं असतं. आणि तीन, शेजारची जुनी खाण. ती साठच्या दशकात, खाणी सरकारकडे यायच्या आधी, एका खाजगी मालकाने बंद केली होती. बंद खाणीत पाणी भरतं. डोंगराएवढी टाकीच ती. तिची भिंत फुटली तर चौदा माणसांना पळायला वेळ मिळत नाही.

गंमत अशी की प्रत्येकाला आपापलं उत्तर आधीच मिळालेलं होतं. मॅनेजरला नदी हवी होती, कारण मग गाव गप्प बसेल. गावाला खडकातलं पाणी हवं होतं, कारण विहिरी त्यातच होत्या. जुनी खाण कोणालाच नको होती. नकाशाप्रमाणे ती फेसपासून चांगली लांब होती, आणि नकाशा चुकला म्हटलं की बऱ्याच सह्या चुकल्या असं होतं.

साधी रासायनिक तपासणी इथे उपयोगाची नव्हती. कोळशातून वाहिलं की कुठलंही पाणी थोड्या दिवसांत एकसारखंच होतं. तेच क्षार, तोच पिवळा साका. पाण्याच्या कणाच्या आतच असलेली खूण हवी होती. ती खूण म्हणजे आयसोटोप. एकाच मूलद्रव्याची वजनाने वेगळी भावंडं. ऑक्सिजनचं एक जड भावंड असतं. उन्हात पाणी वाफ होऊन जातं तेव्हा हलकं आधी उडतं, जड मागे राहतं. म्हणून उन्हाळ्यातल्या नदीचं पाणी खडकातल्या पाण्यापेक्षा किंचित जड. आणि हायड्रोजनचं एक भावंड ट्रिशियम. पन्नास-साठच्या दशकांत मोठ्या देशांनी हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, तेव्हा जगभरच्या पावसात ट्रिशियम मिसळलं. प्रमाण इतकं थोडं की पिणाऱ्याला काही होत नाही, पण मोजता येतं. साधारण बारा वर्षांनी ते अर्धं उरतं. म्हणजे अगदी जुन्या पाण्यात ते नसतंच, आजच्या पावसात थोडंसं असतं आणि साठच्या दशकात पडलेलं पाणी कुठे कोंडून राहिलं असेल तर ते लगेच ओळखू येतं.

समुद्रात आम्ही हेच करायचो. कॉम्प्युटरमध्ये समुद्राचे हजारो चौकोनी डबे करायचे, या डब्यातून त्या डब्यात पाणी किती जातं ते गणिताने काढायचं. हे मॉडेल. ते खरं की खोटं कसं कळणार? खऱ्या समुद्रात बॉम्बच्या काळातलं ट्रिशियम किती खोल पोचलं ते जहाजावरून मोजायचं आणि मॉडेलमधलं ट्रिशियम तिथेच पोचलं का ते बघायचं.

तर मला फेसवरच्या पाण्याचे नमुने हवे होते आणि मला तिथे जाता येत नव्हतं. देशकरांनी पंप खलाशाला बोलावलं. पंप खलाशी म्हणजे खाली पंप चालवणारा माणूस. रज्जाकभाऊ पन्नाशीचे, भद्रावतीचे, बारीक अंगाचे. घरचे सगळे शिलाईच्या धंद्यात, हेच एकटे खाणीत.

मी त्यांना समजावलं. पंपाच्या हौदातलं पाणी नको, भिंतीतून पडतं तेच. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही.

"काठोकाठ काऊन? झाकण लावताना सांडते ना."

"सांडू द्या. आत हवा राहिली तर नमुना बिघडतो."

"आमच्याकडं पावण्याले कोनी काठोकाठ चहा देते का?" ते म्हणाले. पण खोका घेऊन उतरले आणि अडीच तासांनी वर आले. बाटल्या काठोकाठ होत्या. नदीचे आणि विहिरींचे नमुने मी स्वतः घेतले. सगळे मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवले.

पाच आठवडे गेले. त्या काळात फेस रोज थोडा थोडा पुढे सरकत होता. पावसाळ्याआधी तो भाग संपवायचा होता.

मग प्रयोगशाळेतून एसटीडी फोन आला. तिकडचे शास्त्रज्ञ जरा अवघडून बोलत होते.

"मॅडम, एक विचारू? नमुने घेणाऱ्याच्या हातात अंधारात चमकणारं घड्याळ होतं का?"

"का?"

"खाणीच्या बाटल्यांत ट्रिशियम फार जास्त आहे. नदीच्या कितीतरी पट. त्या घड्याळांच्या रंगात ट्रिशियम असतं. नमुना खराब होतो."

मी खाणीवर गेले. रज्जाकभाऊंनी अभिमानाने मनगट पुढे केलं, वर दुसऱ्या हाताचा ओंजळीसारखा आडोसा धरला आणि म्हणाले, "बघा. हिरवंगार. भाच्यानं रियाधहून आणलं. खाली टाइम कसा समजन मग?"

त्यांचा काही दोष नव्हता. घड्याळ काढायला सांगायचं मी विसरले होते. ही सूचना पुस्तकात होती, पण समुद्रावर नमुने घेणारे वेगळे असायचे आणि मी कॉम्प्युटरवाली. पाच वर्षांत मी एकही बाटली भरली नव्हती.

देशकर मनापासून हसले. "म्हंजे मॅडम, तुम्ही रज्जाकच्या घड्याळाची तपासणी केली. वा."

आपटे हसले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा पुसला. "पत्र पाठवा. नमुने दूषित, निष्कर्ष नाही. विहिरींचं वेगळं बघू."

पण अहवालात ऑक्सिजनचे आकडेही होते. घड्याळ ट्रिशियम वाढवेल, ऑक्सिजनचं वजन बदलणार नाही. आणि खाणीतलं पाणी नदीच्या पाण्याइतकं जड नव्हतं. म्हणजे नदी नव्हती. एवढं नक्की. उरलं खडकातलं पाणी किंवा जुनी खाण. खडकातल्या पाण्यात ट्रिशियम नसतं, तसं ते विहिरींत नव्हतंच. मग एवढं ट्रिशियम घड्याळातून आलं, नाहीतर साठच्या दशकातल्या पावसातून.

मी परत खाणीवर गेले. रज्जाकभाऊंनी घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. ते मी बाटल्यांपासून लांब, हजेरीच्या खोलीत ठेवलं. दुसरे नमुने गेले, या वेळी खाणीच्या इतर भागांत छतातून गळणाऱ्या पाण्याचेही. आता पुन्हा पाच आठवडे.

"तोवर फेस थांबवा," मी देशकरांना म्हटलं.

"कशावर थांबवू? घड्याळावर?"

"पुढे भोकं मारून तरी बघा."

"मॅडम, जुन्या खाणीच्या साठ मीटरच्या आत आलं तर भोकं मारत जायचं, असा नियम आहे. आम्ही त्याच्या चौपट लांब आहो. नकाशा बघा ना."

मी नकाशा बघायला गेले.

नकाशा सर्व्हे ऑफिसात होता. तिथले सर्व्हेअर पिंपळशेंडे साहेब, निवृत्तीला चार महिने उरलेले. जुन्या खाणीचा तो नकाशा त्यांनी तरुणपणी स्वतः कापडावर उतरवून घेतला होता आणि टेबलावरच्या काचेखाली ठेवला होता. रेषा इतक्या सुबक की हात लावायची भीती वाटावी.

"बाई, पंचवीस वर्ष ह्या नकाशावर खाण चालून राह्यली," ते म्हणाले. "तुमची बाटली काल आली."

ते चिडले होते आणि त्यांचं चिडणं मला पटत होतं. मी वाद घातला नाही. मी त्यांना गोव्याची गोष्ट सांगितली. आमचं समुद्राचं मॉडेल फार सुंदर होतं. रंगीत चित्रं निघायची. पण खऱ्या समुद्रात एका ठिकाणी ट्रिशियम आमच्या मॉडेलपेक्षा खूप खोल पोचलेलं निघालं. आम्ही काय केलं? मोजणाऱ्यांची चूक शोधली. बाटल्या गळक्या असतील, यंत्र बिघडलं असेल, खलाशी दमलेला असेल. आठ महिने आम्ही दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. नंतर कळलं की मॉडेलमध्ये समुद्राच्या तळाचा एक उंचवटाच भरायचा राहिला होता. तो मीच भरायचा होता.

"मग?"

"मग काय. नकाशा माझा होता, साहेब. म्हणून तो मला बरोबर वाटत होता."

मग त्यांनी टेबलावरचे पेनस्टँड, रजिस्टर, सुपारीचा डबा एकेक करून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "तिकडून काच धरा."

आम्ही दोघांनी काच उचलली. त्यांनी भिंग घेतलं आणि नकाशाच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचू लागले. ते अक्षर त्यांचंच होतं. तिथे दोन तारखा होत्या. शेवटची मोजणी कधी झाली ती आणि खाण बंद कधी झाली ती.

"दीड वर्ष," ते हळूच म्हणाले.

"काय दीड वर्ष?"

"शेवटची मोजणी झाल्यावर दीड वर्षानं बंद केली त्याइनं. मी दोन्ही तारखा उतरवल्या. मधलं काई मनात आलं नाई."

"मध्ये दीड वर्ष ते काय करत होते?"

"कोळसा काढून राह्यले असन, अजून काय?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आन् तो नकाशात नाई."

पिंपळशेंडे उठले, टोपी घातली आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी मागून गेले. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. देशकरांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"हे लिहून देता का तुम्ही?"

"देतो."

"चार महिने राह्यले तुमचे. चौकशी लागली तर पेन्शन अडकते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. कागद द्या."

देशकरांनी कागद दिला नाही. टेबलावर बोटं वाजवत बसले. मला तेव्हा वाटलं, हा माणूस प्रकरण दाबणार. मी त्यांना ओळखलं नव्हतं. कागद वर गेला असता तर एरिया ऑफिस, तिथून मुख्यालय, तिथून समिती, आणि समिती नेमेपर्यंत फेस चालूच राहिला असता. थांबवायचा लेखी आदेश नसता ना.

"लिहू नका," ते म्हणाले. "उद्या पहिल्या शिफ्टले बोअर मारतो. रेग्युलर म्हणून मारतो. सेक्शनमध्ये बोअर मारणारे सोडून कोनी जाणार नाई."

दुसऱ्या दिवशी मी वरच बसले होते. कायदा होताच. अशा वेळी भोक मारताना आधी भिंतीत पाईप पक्का बसवतात आणि त्याला व्हॉल्व लावतात, म्हणजे पाणी लागलंच तर बंद करता येतं. पहिलं भोक कोरडं गेलं. दुसरंही. अकराच्या सुमारास माणसं इन्क्लाइनमधून वर यायला लागली, गुडघ्यापर्यंत ओली. पळत नव्हती, पण थांबतही नव्हती. मी माणसं मोजली. पाच खाली गेली होती, चार वर आली. पाचवा रज्जाकभाऊ. ते पंप चालू करून मागून सावकाश आले.

"अठरा मीटरवर लागलं," ते म्हणाले. "व्हॉल्व दोघांनी मिळून फिरवला. आवाज असा का कानठळ्या बसल्या. आन् वास मॅडम, जुन्या बंद घराचा येते ना, तसा."

अठरा मीटर. फेस ज्या चालीने पुढे जात होता, त्याने फार तर दोन आठवडे.

मला आनंद झाला असं म्हणता येत नाही. मी हजेरीच्या खोलीत जाऊन बसले. देशकर आत आले, हेल्मेट काढलं, माठातलं पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा घेता का?" चहा आला. त्या दिवशी आमच्यात एवढंच बोलणं झालं.

तो फेस बंद झाला. मध्ये काँक्रीटची भिंत बांधली. जुन्या खाणीतलं पाणी पंपाने उपसायला पुढचे कित्येक महिने लागले. त्या पाण्याची एक बाटली मी मुंबईला पाठवली. दुसऱ्या नमुन्यांचा अहवाल आणि या बाटलीचा अहवाल बरोबरच आले. घड्याळ निर्दोष होतं. फेसच्या पाण्यात आणि या बाटलीत ट्रिशियम पहिल्या वेळेइतकंच, साठच्या दशकातल्या पावसाचं. जुन्या खाणीचं छत बसलं तेव्हा वरच्या जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि त्या वर्षांचे पावसाळे सरळ आत उतरून कोंडले गेले होते. मी हे सगळं व्यवस्थित लिहिलं, तक्ते काढले, आलेख काढले. पण तोवर पाणी सापडलेलं होतं. सापडलेल्या पाण्याचा पत्ता कोणाला हवा असतो?

खाणीला त्या वर्षीच्या सुरक्षा सप्ताहात ढाल मिळाली. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, नियमित बोअरिंगमुळे संभाव्य दुर्घटना टळली. देशकरांनी मला कार्यक्रमाला बोलावलं आणि मंचावर नाही, पण पहिल्या रांगेत बसवलं. पिंपळशेंडे तोवर निवृत्त होऊन मूल गावी मुलाकडे राहायला गेले होते. पेन्शन वेळेवर सुरू झाली. कागद नव्हता, म्हणून चौकशीही नव्हती. जुन्या नकाशावर नव्या सर्व्हेअरने लाल पेन्सिलीने तुटक रेषा काढली आणि शेजारी लिहिलं, "अंदाजे".

मला मात्र आपट्यांचा मेमो आला. विहिरींच्या तक्रारीवर पाठवले असता आपण खाणीच्या अंतर्गत कामकाजात लक्ष घातले, मूळ अहवाल प्रलंबित आहे, खुलासा करावा. मी खुलासा केला आणि मूळ अहवालही दिला. त्यात लिहिलं की विहिरींतलं पाणी आणि खाणीच्या दुसऱ्या भागांतलं छतातून गळणारं पाणी एकच आहे, दोन्ही खडकातलं, अतिशय जुनं. पंप ते उपसतात म्हणून विहिरी आटतात. गावाचं म्हणणं बरोबर आहे. चौदा माणसं वाचवणारी तीच पद्धत, तीच प्रयोगशाळा, तीच सही. तो अहवाल "अधिक अभ्यासाची गरज" असा शेरा मारून परत आला. अधिक अभ्यास मी पुढे दोनदा केला. उत्तर बदललं नाही. गावाला शेवटी टँकर मिळाला, तो निवडणुकीमुळे.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी याच कामात काढली. नमुना घ्यायला गेले की घड्याळ काढायला सांगते, हे झालंच. पण त्याआधी एक चौकशी करून घेते. इथे कोणाला कोणतं उत्तर हवंय? आणि कोणतं उत्तर कोणालाच नकोय? पाण्यात काय आहे ते प्रयोगशाळा पाच आठवड्यांनी कळवते. पहिली बाटली कुठे भरायची, ते या दुसऱ्या प्रश्नावरून आधी कळतं.